प्रोसेसरचा पारा: पडद्यावरच्या आकड्यावर किती विसंबायचे?

मे महिन्यातली दुपार. कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या घरात पंखा फिरतो आहे आणि खोलीचे तापमान ३३ अंश सेल्सियस आहे. डेस्कटॉप अडखळतो म्हणून कोणी तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर उघडले, तर एका ओळीत ७१ अंश दिसतात, दुसरीत ४६, तिसरीत १२७ आणि चौथीत २७.८. शेवटचा आकडा तर प्रोसेसर कितीही राबवला तरी जागचा हलत नाही. यंत्र एकच, क्षणही एकच. आकडे मात्र चार.

अशा पडद्याकडे पाहून माणसे दोन टोकांना जातात. कोणी १२७ पाहून घाबरते आणि लॅमिंग्टन रोडवरून नवा कूलर घेऊन येते. कोणी २७.८ पाहून निर्धास्त राहते, आणि आत थर्मल पेस्ट सुकून तिचे पापुद्रे निघत असतात. आकडा दोघेही वाचतात. तो कुठल्या सेन्सरचा आणि कसा काढलेला, हे कोणीच विचारत नाही. गेली पंचवीस वर्षे या आकड्याभोवती प्रोसेसर कंपन्या, सॉफ्टवेअर लिहिणारे आणि यंत्र वापरणारे यांच्यात वाद चालू आहे. त्यातले काही प्रश्न मिटले, काही अजून तसेच आहेत.

सॉकेटखालचा थर्मिस्टर

१९९०च्या दशकात ‘प्रोसेसरचे तापमान’ म्हणजे खरे तर प्रोसेसरच्या शेजारचे तापमान होते. सॉकेटच्या मधल्या मोकळ्या जागेत एक बारीकसा थर्मिस्टर बसवलेला असे. तापमान बदलले की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि मदरबोर्डावरची देखरेख चिप तो मोजते. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम७८ ही त्या काळातली गाजलेली चिप. लिनक्सवरच्या ‘एलएम-सेन्सर्स’ या संचाच्या नावात तिची खूण आजही आहे. पुढे विनबाँड, आयटीई आणि न्यूव्होटन यांच्या चिप आल्या.

या पद्धतीची अडचण उघड होती. प्रोसेसरची उष्णता वरच्या बाजूने हीटसिंककडे जाते आणि थर्मिस्टर बुडाशी बसलेला, मध्ये हवेची फट. आकडा कमी दिसे आणि उशिरा बदले. ही ओळ आजच्या अनेक बोर्डांवर ‘सीपीयूटिन’ या नावाने शिल्लक आहे. वरच्या उदाहरणातले ४६ अंश बहुधा तिथूनच आलेले असतात.

उशिराने मिळालेला आकडा किती महाग पडू शकतो, हे सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरच्या एका चित्रफितीने जगाला दाखवले. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून हीटसिंक उचलला, तेव्हा पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला. एएमडीचे अ‍ॅथलॉन मात्र काही क्षणांत जळाले. त्यातल्या नव्या पॅलोमिनो चिपच्या आत तापमान सांगणारा डायोड होता. पण तो वाचून वेळेत वीज तोडणारी यंत्रणा बोर्डावर नव्हती.

डायोडचे तत्त्व साधे आहे. ठरावीक प्रवाह सोडला की सिलिकॉनच्या डायोडवरचा विद्युतदाब दर अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टने घटतो. डायोड चिपच्या आतच असल्याने फटीचा प्रश्न मिटला. तरी मोजणारी चिप बाहेर बोर्डावर होती, आणि प्रत्येक बोर्ड कंपनी आपल्या अंदाजाने त्यात चार-दोन अंश जोडे किंवा वजा करी.

अंतर सांगणारा सेन्सर

२००६ पासून इंटेलच्या कोअर मालिकेत अंकीय सेन्सर प्रोसेसरच्या आतच आला. तो तापमान सांगत नाही. चिपसाठी ठरवलेली कमाल मर्यादा किती अंश दूर आहे, एवढेच तो सांगतो. सायन-पनवेल मार्गावरची ‘वाशी टोलनाका ५ किमी’ ही पाटी टोलनाका किती दूर ते सांगते. गाडी नेमकी कुठे आहे हे कळायला टोलनाका कुठे आहे ते आधी ठाऊक हवे. सेन्सरचे तसेच आहे. त्याने ६२ म्हटले आणि मर्यादा १०० असेल, तर तापमान ३८. सॉफ्टवेअरने मर्यादा १०५ धरली, तर तेच ४३ होते.

ही मर्यादा, म्हणजेच ‘टीजे मॅक्स’, डेस्कटॉप चिपसाठी किती, हे इंटेलने सुरुवातीला उघड केले नव्हते. कोअर टू ड्युओच्या काळात कोणी ८५ धरे, कोणी ९५, कोणी १००. एकाच यंत्रावर दोन सॉफ्टवेअर दहा-पंधरा अंशांच्या फरकाने बोलू लागले आणि भांडण पेटले. ‘रिअल टेम्प’ आणि ‘कोअर टेम्प’ यांच्या वापरकर्त्यांनी तेव्हा घरगुती प्रयोग करून आपापले आकडे ताडून पाहिले. अखेर २००८ मध्ये इंटेलने आपल्या विकासक परिषदेत ४५ नॅनोमीटर डेस्कटॉप चिपसाठी आकडे जाहीर केले, पण तेही ‘लक्ष्य’ म्हणून. प्रत्येक चिपची खरी मर्यादा थोडी इकडे-तिकडे असू शकते, ही पुस्ती सोबत होतीच. त्याच वर्षअखेरीस आलेल्या नेहालेम पिढीपासून मर्यादेचा आकडा चिपमध्येच लिहिलेला मिळू लागला आणि अंदाजांचा बाजार उठला.

एक मर्म मात्र राहिले. हा सेन्सर मर्यादेच्या जवळ अचूक राहावा असाच घडवलेला आहे, कारण त्याचे काम चिप वाचवण्याचे. मर्यादेपासून जितके दूर जावे तितकी चूक वाढते. ४५ नॅनोमीटरच्या कित्येक चिपमध्ये सेन्सर खालच्या टोकाला अडकून बसत आणि यंत्र थंड असताना आकडा हलतच नसे. म्हणून रिकाम्या यंत्राच्या ३५ आणि ४० अंशांवरून दोन प्रोसेसरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

एएमडीची वेगळी पट्टी

एएमडीने ‘टीसीटीएल’ नावाचा आकडा वापरला. लिनक्सच्या के१०टेम्प ड्रायव्हरचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात की तो प्रत्यक्ष तापमान नसून पंख्याला हुकूम देण्यासाठी ठरवलेली पट्टी आहे. हाच ड्रायव्हर सॉकेट एफ आणि एएम२ प्लसच्या काही जुन्या प्रोसेसरांवर चालायलाच नकार देतो, कारण त्यांच्या सेन्सरमधला दोष एएमडीच्या ३१९ क्रमांकाच्या शुद्धिपत्रात नोंदलेला आहे. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणे बरे, ही भूमिका इतकी ठामपणे घेतलेली क्वचित दिसते.

मार्च २०१७ मध्ये रायझन आले आणि १७००एक्स, १८००एक्स घेणारे हादरले. तेवढाच कूलर, तेवढेच काम, तरी १७०० पेक्षा वीस अंश जास्त. दोन आठवड्यांच्या आत एएमडीने खुलासा केला: एक्स मालिकेच्या आकड्यात २० अंश मुद्दाम मिळवलेले आहेत, म्हणजे सगळ्या प्रोसेसरांवर पंख्याचे धोरण सारखे राहील. पहिल्या थ्रेडरिपरमध्ये ही भर २७ अंशांची होती, २७००एक्समध्ये १० अंशांची. ज्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक होते त्याने ती वजा केली; ज्याला नव्हते त्याच्या पडद्यावर ५१ अंशांचा प्रोसेसर ७१चा झाला.

२०१९ मध्ये रायझन ३००० आले, तेव्हा तक्रार वेगळी होती. यंत्र रिकामे असतानाही आकडा सतत उड्या मारतो. एएमडीच्या रॉबर्ट हॅलॉक यांनी दिलेले कारण विचार करायला लावणारे होते: काही देखरेख सॉफ्टवेअर इतक्या वेळा आणि अशा रीतीने विचारणा करतात, की झोपलेले कोअर जागे होतात, त्यांचा वेग आणि व्होल्टेज वाढते आणि आकडा चढतो. मोजणारा स्वतःच ताप वाढवत होता.

तीन बाजू

आता वादाच्या बाजू. प्रोसेसर कंपन्यांचे म्हणणे असे, की मर्यादेच्या आत आहे ना, मग चिंता नको. मर्यादा गाठली तर चिप आपला वेग आपोआप कमी करते. त्याही पुढे गेली तर वीज तोडते. २०१७ मध्ये आय७-७७००केच्या आकड्यातल्या अचानक उड्यांविषयी तक्रारी आल्या, तेव्हा इंटेलने तो अपेक्षित वर्तनाचा भाग असल्याचे सांगितले. २०२२ मध्ये रायझन ७००० आले तेव्हा एएमडीने आधीच जाहीर केले, की जड कामात ९५ अंश गाठणे हे या प्रोसेसरचे ठरवलेले लक्ष्य आहे: थंडाव्याला जितकी जागा शिल्लक, तितका वेग तो काढून घेणार. २००१ची ती चित्रफीत पाहिलेल्याला या यंत्रणेचे मोल वेगळे सांगायला नको.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा आग्रह वेगळा. सेन्सरने जे सांगितले ते मोडतोड न करता दाखवा आणि ते कशाचे आहे ते नीट लिहा. मार्टिन मालिक यांचे एचडब्ल्यूइन्फो आणि लिनक्सचे ड्रायव्हर या पंथातले. त्यांची अडचण अशी, की मदरबोर्डावरच्या चिपच्या कोणत्या पायाला काय जोडले आहे हे प्रत्येक बोर्डावर वेगळे असते आणि बोर्ड कंपन्या ते क्वचितच जाहीर करतात. त्यामुळे नावे अंदाजाने द्यावी लागतात.

तिसरी बाजू वापरणाऱ्यांची आणि दुरुस्ती करणाऱ्यांची. त्यांच्या लेखी ८० अंशांपुढे गेले की काहीतरी बिघडले आहे. कंपन्या हा जुना बाऊ मानतात, पण डिसेंबर २०२२ मधले रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्सचे प्रकरण या बाजूचे वजन वाढवते. हे ग्राफिक्स कार्ड असले तरी प्रश्न तोच आहे. अनेकांच्या कार्डाचा सर्वांत तापलेला बिंदू ११० अंशांवर जाऊन टेकत होता. ११० ही एएमडीची मान्य मर्यादाच असल्याने ‘सारे ठीक’ म्हणता आले असते. पण एका ठिकाणचा आकडा ११० आणि बाकी चिप त्याहून कितीतरी थंड, ही तफावतच लोकांना खटकली. जानेवारी २०२३ मध्ये एएमडीने मान्य केले, की काही कार्डांच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या व्हेपर चेंबरमध्ये पुरेसे द्रव भरलेले नव्हते.

मर्यादा ही चिप जळणार नाही याची हमी आहे. कूलर नीट बसला आहे का, पेस्ट लागली आहे का, हे ती सांगत नाही. निदान करणाऱ्याला उपयोगी आकडा दुसराच आहे: खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंश वर गेला, आणि किती वॅट खर्चून.

नवी मुंबईच्या हवेत

परदेशी परीक्षणांतले आकडे बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. तिथे ७२ अंश दाखवणारा कूलर कोपरखैरण्याच्या ३३ अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी ८२-८३ दाखवेल, आणि त्यात कूलरचा काहीही दोष नसेल. पाच किलोमीटरवर महापे आणि ऐरोलीत डेटा सेंटरच्या रांगा आहेत. अमेरिकेतील अ‍ॅश्रे या संस्थेने सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस केली आहे. घरातल्या डेस्कटॉपला ती चैन नाही.

खाडीची दमट, खारी हवा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांचा शेजार हीही इथली खास अडचण. गंधकाचे अंश असलेली हवा चांदी आणि तांबे खाते, त्यात बांधकामांची धूळ ओलाव्याने हीटसिंकच्या पात्यांत लिंपली जाते. चिपच्या आतल्या सेन्सरला याची झळ थेट लागत नाही. बोर्डाला तारेने जोडलेल्या बाहेरच्या थर्मिस्टरला लागते. तिथे दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा थर्मिस्टर थंड असताना जास्त रोध दाखवतो. जोडणीवर गंज चढला की रोध वाढतो आणि आकडा खऱ्यापेक्षा थंड दिसतो. गंजलेला कनेक्टर घाबरवत नाही, उलट गाफील ठेवतो.

निदानाचा क्रम

पहिले काम खोलीत साधा तापमापक ठेवण्याचे. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. तेव्हा ३३ अंशांच्या खोलीत दिसणारे २७.८ अंश त्याच क्षणी बाद होतात. हा आकडा येतो कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. मदरबोर्डाचे फर्मवेअर तापमान केल्विनच्या दशांशात देते. त्यात कोणी ३०१० हा आकडा कायमचा लिहून ठेवला, की ते होतात ३०१.० केल्विन, म्हणजे २७.८५ अंश सेल्सियस. कित्येक बोर्डांवर मागे सेन्सरच नसतो, नुसती भरलेली जागा असते. १२७ अंशांचेही तसेच. न्यूव्होटनच्या चिपच्या ज्या पायाला काहीच जोडलेले नाही, तो पट्टीचे टोक दाखवतो, कधी १२७, कधी उणे १२८. बाद केलेल्या ओळी सॉफ्टवेअरमध्ये लपवून टाकाव्यात, म्हणजे पुन्हा धास्ती नको.

मग प्रोसेसरचा नेमका क्रमांक पाहून त्याची मर्यादा आणि एएमडी असेल तर भर तपासावी, सॉफ्टवेअर आणि बायॉस अद्ययावत करावे. दोन देखरेख सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवू नयेत. दोघे एकाच चिपला एकदम विचारू लागले की मध्येच वेडेवाकडे आकडे येतात. बायॉसमधला आकडा विंडोजपेक्षा जास्त दिसला तरी गडबडू नये. बायॉसमध्ये प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्था सहसा चालू नसतात.

यानंतर भार टाकायचा. प्राइम९५ किंवा सिनेबेंच चालवून आलेख कसा चढतो ते पाहायचे, कारण दुरुस्तीवाल्याला आकड्यापेक्षा चढणीतून जास्त कळते. दोन-तीन सेकंदांत ९५ किंवा १०० गाठले, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही: कूलरची एखादी खीळ सुटलेली, पेस्ट सुकलेली, किंवा नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म तशीच राहिलेली. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढला, तर स्पर्श ठीक आहे, हवा अडते आहे. तिथे ब्लोअर, जाळीची सफाई आणि कॅबिनेटचा पंखा. आकडा ढिम्म राहिला, तर सेन्सरच चुकीचा निवडला. कोअरांमध्ये पाच-दहा अंशांचा फरक नेहमीचा. इंटेलच्या २०२१ मध्ये आलेल्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये पकडीच्या दाबाने प्रोसेसरचे झाकण किंचित वाकते, हेही कूलर नीट न टेकण्याचे एक कारण असू शकते.

वेग कमी झाल्याचा पुरावा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ३७ क्रमांकाच्या नोंदीत मिळू शकतो. फर्मवेअरने प्रोसेसर आवळला, असे ती सांगते. ४१ क्रमांकाची नोंद मात्र फसवी आहे. यंत्र धडपणे बंद झाले नाही, एवढाच तिचा अर्थ. महावितरणची वीज गेली तरी तीच नोंद पडते.

शेवटी एक मोजमाप वहीत टिपून ठेवण्यासारखे. भार स्थिर झाल्यावर प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून वॅटने भागायचे. खोली ३३, प्रोसेसर ८३, खर्च १०० वॅट, तर दर वॅटमागे अर्धा अंश. जानेवारीत खोली २५ असताना हाच भागाकार ०.६ आला, तर पडद्यावरचा आकडा जवळपास मेइतकाच असेल, पण पेस्ट किंवा पंखा बिघडलेला आहे. ऋतू या हिशेबातून आपोआप वजा होतो.

जे अजून अनिर्णित आहे

या भागाकारातला वॅटचा आकडाही निर्विवाद नाही. जून २०२० मध्ये एचडब्ल्यूइन्फोने दाखवून दिले, की काही एएम४ बोर्ड प्रोसेसरला विजेचा वापर खऱ्यापेक्षा कमी असल्याचे कळवतात, म्हणजे प्रोसेसर आणखी वेग घेतो. एकाच बोर्डावरची आधीची आणि नंतरची तुलना त्यातूनही टिकते. दोन बोर्डांमधली टिकेलच असे नाही.

आयुष्याचा प्रश्न त्याहून कठीण आहे. उष्णतेने आणि प्रवाहाच्या घनतेने धातूच्या तारा झिजतात, हे जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये समीकरणात मांडले. पण ‘दहा अंश कमी, आयुष्य दुप्पट’ हा बाजारात फिरणारा ठोकताळा मुख्यतः इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा. आजच्या प्रोसेसरला तो किती लागू, यावर एकमत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर झाले, तेव्हा मूळ कारण वाढीव व्होल्टेज निघाले, आणि तापमान त्याला हातभार लावणारे. वाढीव व्होल्टेजची मागणी यंत्र रिकामे किंवा हलक्या कामात असतानाही होत होती, म्हणजे तापमानाचा आकडा पाहणाऱ्याला काहीच खटकले नसते. इंटेलने मायक्रोकोड बदलला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. ‘मर्यादेच्या आत म्हणजे सुरक्षित’ या भूमिकेला तेव्हापासून एक अट जोडली गेली आहे. ती अट किती व्होल्टची, हे सामान्य ग्राहकाला वाचता येईल अशा रूपात कुठेच छापलेले नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत ताजा. विंडोजमध्ये प्रोसेसरचे खरे तापमान वाचण्याचा सर्वमान्य मार्ग नाही, म्हणून अनेक मोफत सॉफ्टवेअर विनरिंगझीरो नावाच्या ड्रायव्हरवर वर्षानुवर्षे विसंबून होते. त्यातली सुरक्षेची फट २०२० मध्येच नोंदली गेली होती आणि मार्च २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर त्याला धोकादायक ठरवून अडवू लागला. काही प्रकल्प पॉनआयओ या नव्या ड्रायव्हरकडे वळले. ज्या सॉफ्टवेअरची देखभाल थांबली आहे, ते वापरणाऱ्यांच्या हाती दोनच गोष्टी उरल्या: डिफेंडरला अपवाद सांगून फट उघडी ठेवणे, किंवा रीस्टार्ट करून बायॉसमध्ये जाणे आणि भार नसतानाचा आकडा पाहून अंदाज बांधणे.